पिवळा दिवा आणि खोटं बोलणारी चाकं : एका पावसाळ्याच्या नोंदी

गाडी : २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड, पुढच्या चाकांवर चालणारी. टायर १८५/६५ आर १५. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (इंजिनाच्या जोराने चाक भिरभिरू न देणारं) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (वळणात गाडी भरकटू न देणारं) तिन्ही आहेत. मुक्काम सातारा. नोंदी माझ्या, सोल्डरिंग भाच्याचं.

९ जून २०२४, रविवार

डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे एकदम लागले. एक एबीएसचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीचा, ज्याच्या खाली नागमोडी रेघा असतात तो. दोन्ही न लुकलुकता, ठाम.

मागच्या आठवड्यात हायवेवरच्या एका गॅरेजात डाव्या पुढच्या चाकाची बेअरिंग बदलली होती. घुमण्याचा आवाज गेला, पण दिवे आले. त्या गॅरेजला फोन केला तर उत्तर आलं, "पावसाळी हवा आहे, जातील आपोआप." हवा कोरडी होती.

ब्रेक नेहमीसारखे लागतात. एबीएस बंद पडलं तरी साधा हायड्रॉलिक ब्रेक तसाच राहतो. जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी देखरेख तेवढी जाते. आणि एबीएस गेलं की बाकीची दोघं जागा सोडतातच. तिघांचं घर एकच आहे : बॉनेटखालचा तो विटेएवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्यातून प्रत्येक चाकाकडे ब्रेकची एकेक नळी जाते. आत एक पंप, वर सर्किट, मध्ये विजेने उघडझाप होणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. नुसतं एबीएस असेल तर व्हॉल्व्ह आठ, चाकामागे दोन : एक दाब आत सोडणारा, एक बाहेर काढणारा. स्टॅबिलिटी कंट्रोलसाठी आणखी चार लागतात, कारण तिथे ड्रायव्हरने पाय न ठेवताही ब्रेक लावायचा असतो. पंपाला ब्रेक पेडलमागच्या मास्टर सिलिंडरकडून तेल ओढून एकाच चाकाला द्यायची वाट हवी.

ठरवलं : दिवा विझवण्यापुरतं काम न करता हे प्रकरण समजून घ्यायचं. म्हणून ही वही.

११ जून, मंगळवार

माझा साडेसहाशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर निरुपयोगी ठरला. तो इंजिनाशीच बोलतो. एबीएसच्या मॉड्यूलची, म्हणजे ठोकळ्यावरच्या त्या सर्किटची, भाषा त्याला येत नाही. संध्याकाळी ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या मोठ्या स्कॅनरवर एकच कोड : डाव्या पुढच्या चाकाच्या वेगाचा सिग्नल नाही.

"सेन्सर टाका नवा," शेजारचा पोरगा म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "सर, आधी बघू. सेन्सर मेला का त्याला दिसायचं बंद झालं, ह्यात फरक हाय."

वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे.

१६ जून, रविवार

सेन्सरची तपासणी. जुन्या गाड्यांत दातेरी चकती आणि तारेचं वेटोळं असायचं. चाक फिरलं की आपोआप व्होल्टेज तयार व्हायचं, पण अगदी हळू वेगाला ते इतकं क्षीण असे की मॉड्यूलला ऐकू येत नसे. आमच्या गाडीत ॲक्टिव्ह सेन्सर आहे. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, आणि तो बोलतो तो करंटच्या भाषेत : समोर चुंबकाचा एक ध्रुव आला की साधारण ७ मिलिॲम्पिअर, दुसरा आला की १४. बस, दोनच शब्द.

जुगाड : सेन्सरचा प्लग गाडीपासून सोडवला, १२ व्होल्टची सुटी बॅटरी, मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर, त्यावर मल्टीमीटर. ७ मिलिॲम्पिअरला ०.७ व्होल्ट दिसायला हवेत, १४ ला १.४. उजवं चाक जॅकवर घेऊन हाताने हळूहळू फिरवलं : ०.७, १.४, ०.७, १.४. एका फेऱ्यात ४८ वेळा. टायरचा घेर धावताना १.९ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दर चार सेंटिमीटरला एक टिचकी. ताशी ५० किमीला सेकंदाला साडेतीनशे.

डावं चाक : ०.७. फिरवलं. ०.७. पुन्हा फिरवलं. ०.७.

सेन्सर बाहेर काढला आणि त्याच्या तोंडापुढून फ्रिजवरचं चिकटचुंबक फिरवलं. लगेच १.४. सेन्सर जिवंत आहे. मिस्त्री बरोबर होते, त्याला दिसायचं बंद झालं आहे.

१८ जून, मंगळवार

हब खोलल्यावर कारण सापडलं. या प्रकारच्या बेअरिंगमध्ये दातेरी चकती नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच रबरात मिसळलेलं चुंबकीय कडं असतं, त्यावर उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या ४८ जोड्या. डोळ्यांना ते साधं काळं सील दिसतं. दोन्ही बाजू सारख्याच. त्या गॅरेजात बेअरिंग उलटं दाबलं गेलं होतं : चुंबकाची बाजू बाहेर, चाकाकडे, आणि सेन्सर बिचारा आतल्या बाजूने कोऱ्या सीलकडे टक लावून बसलेला.

कोणती बाजू चुंबकाची हे ओळखायला चुंबकीय फिल्मचं एक कार्ड मिळतं. सीलवर धरलं की पट्टे उमटतात. मिस्त्रींची पद्धत स्वस्त आहे : शिलाईची बारीक टाचणी दोऱ्याला बांधून जवळ नेतात, जिथे ती झुकते ती बाजू आत. मोठं चुंबक मात्र त्या सीलजवळ न्यायचं नाही, पट्टे पुसले जाण्याचा धोका.

प्रेसवरून उपसलेलं बेअरिंग परत वापरत नाहीत. म्हणजे नवं कोरं, दोनेक आठवड्यांचं बेअरिंग भंगारात आणि दुसरं विकत. वहीत शिव्या लिहायच्या नाहीत असं ठरवलंय.

१९ जून, बुधवार

एबीएसचा दिवा गेला. गाडी थोडी चालवल्यावर मॉड्यूलने चारही चाकं पाहिली आणि दिवा विझवला. घसरणाऱ्या गाडीचा मात्र अजून आहे. कोड आता वेगळा : स्टिअरिंगच्या कोनाचा ताळमेळ नाही.

बेअरिंगसाठी नकल (चाकाचं हब धरणारा सांधा) सुटलं, मग अलाइनमेंट झालं, आणि टायरवाल्याने टाय रॉड (चाकं वळवणारी दांडी) फिरवताना स्टिअरिंग थोडं वाकडं ठेवलं असणार. स्कॅनरवर पाहिलं : चाकं सरळ असताना स्टिअरिंगचा सेन्सर ७ अंश डावीकडे सांगतोय. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडीच्या मते मी सतत किंचित डावीकडे वळायला सांगतो आहे आणि गाडी वळत नाहीये. तिला संशय येणं रास्त आहे. अलाइनमेंट पुन्हा, मग स्कॅनरमधून शून्य बसवलं. काही गाड्या हे शून्य चालता चालता स्वतः शिकतात, आमची सांगितल्याशिवाय शिकत नाही.

दोन्ही दिवे गेले. काम इथे संपायला हवं होतं.

२३ जून, रविवार

भाचा पुण्याहून आला आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. ओट्यावर चहा घेताना त्याला सगळी कथा सांगितली. त्याने जो प्रश्न विचारला त्यावर दोन तास गेले.

"मामा, चाक घसरतंय हे कळायला चाकाचा वेग आणि गाडीचा वेग वेगळे पाहिजेत ना? मग गाडीचा वेग कोण सांगतं?"

"चाकं."

"पण तीच तर घसरतायत."

बरोबर. सगळं प्रकरण इथे आहे. घसरण म्हणजे चाकाचा वेग आणि रस्त्यावरचा खरा वेग यांतला फरक, टक्क्यांत मोजलेला. थोडी घसरण वाईट नसते. कोरड्या डांबरावर टायरची सर्वांत जास्त पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीला मिळते. त्यापुढे गेलं की पकड उतरते आणि चाक हाताबाहेर जातं. तेव्हा एबीएस असो वा ट्रॅक्शन कंट्रोल, चाकाला त्या डोंगराच्या माथ्यावर धरून ठेवणं हेच काम. पण माथा कुठे आहे हे कळायला खालचा भाजक हवा, गाडीचा खरा वेग. आणि तो मोजणारा एकही थेट सेन्सर नेहमीच्या गाडीत नसतो. जीपीएस या कामाला फार सावकाश आहे, आणि घाटात दिसेलच असं नाही.

कंट्रोलर मग साक्षीदार तपासतो. ब्रेक लागलेत तर चाकं खऱ्या वेगापेक्षा कमीच सांगणार, म्हणून सर्वांत वेगवान चाकावर जास्त विश्वास. ॲक्सिलरेटर दाबला असेल तर पुढची चाकं फुगवून सांगणार, म्हणून मागची दोन, ज्यांना इंजिन जोडलेलंच नाही, ती खरी. फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये चारही आरोपी, साक्षीदार उरत नाही. तिथे पुढे-मागे ढकललं जाणं मोजणारा ॲक्सिलरोमीटर मदतीला घ्यावा लागतो. आणि शंका वाढली तर एक युक्ती : एखाद्या मागच्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करायचा. ते चाक मोकळं फिरून रस्त्याचा वेग पकडतं, तेवढ्यात तो वाचून घ्यायचा, आणि पुन्हा ब्रेक. जोरात ब्रेक लागलेल्या गाडीत, क्षणाच्या काही भागात, नुसतं खरं ऐकण्यासाठी एक चाक सोडून द्यायचं! मला हे फार आवडलं.

भाच्याला लगेच गाडीच्या कॅन वायरींना (ज्यांवरून गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात) टाचण्या टोचायच्या होत्या. नकार दिला. आपण स्वतःचा जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, लावू.

३० जून, रविवार

लावला. ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर, त्यावर एमपीयू६०५० नावाचा नखाएवढा चिप : तीन अक्षांचा जायरो आणि तीन अक्षांचा ॲक्सिलरोमीटर. दोन सीटच्या मधल्या कन्सोलखाली दुहेरी टेपने चिकटवला, कारण गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरते ते हवंय आणि टेकाड्यांवरची थरथर नकोय. गाडीतला मूळ सेन्सरही याच जातीचा असतो. आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. गाडी वळली की कोरिओलिस बलाने तो बाजूला ढकलला जातो, आणि ते ढकलणं मोजलं जातं.

गाडी दारात उभी असतानाही जायरो सेकंदाला पाव-अर्धा अंश फिरल्याचं सांगतो. उन्हात ठेवला की आकडा बदलतो. म्हणजे हाही पूर्ण खरं बोलत नाही. गाडी उभी दिसली की त्याला शून्यावर आणायचं असं भाच्याने लिहिलं.

ॲक्सिलरोमीटरची लबाडी वेगळी. गल्लीच्या उताराला गाडी आडवी लावली, साधारण ५ अंश कलती. गाडी स्तब्ध, तरी आडवं त्वरण ०.०९ जी (गुरुत्वाच्या ९ टक्के). रस्त्याचा कल आणि वळणाचा जोर यांत त्याला फरक करता येत नाही. घाटातलं प्रत्येक वळण एका बाजूला कललेलं असतं, तेव्हा हा साक्षीदारही जपून.

७ जुलै, रविवार

पालखी जिल्ह्यात, त्या बाजूचे रस्ते वारकऱ्यांचे. गाडी घरी. कागदावरचं काम केलं.

गाडीला ड्रायव्हरच्या मनातलं कसं कळतं? स्टिअरिंगचा कोन आणि वेग, यांवरून. चारचाकीला सायकल समजायचं : पुढे एक चाक, मागे एक. मग वळण्याचा अपेक्षित दर म्हणजे वेग गुणिले पुढच्या चाकाचा कोन, भागिले दोन चाकांतलं अंतर. आमचं अंतर २.४५ मीटर. जमिनीवर कोनमापक ठेवून पाहिलं, स्टिअरिंग १६० अंश फिरवलं तर चाक १० अंश वळतं, म्हणजे प्रमाण १६. ताशी ३० किमीला स्टिअरिंग ९० अंश फिरवलं, तर हिशोबाने सेकंदाला १९ अंश. पण वेग वाढतो तशी गाडी थोडी कमी वळते, पुढचे टायर थोडे बाहेर ओढले जातात. त्यासाठी एक दुरुस्ती लावली, तर १७ च्या खाली आलं.

दुसरी मर्यादा रस्त्याची. पकडीपेक्षा जास्त कोणीच वळू शकत नाही : दराची कमाल म्हणजे पकड गुणिले गुरुत्व, भागिले वेग. ताशी ५४ किमीला, म्हणजे सेकंदाला १५ मीटरला, कोरड्या डांबरावर (पकड ०.८५ धरली तर) सेकंदाला ३२ अंश. ओल्या, गुळगुळीत झालेल्या डांबरावर (०.४) फक्त १५. स्टिअरिंग तीच, वेग तोच. म्हणून कंट्रोलर ड्रायव्हरची मागणी आधी रस्त्याला विचारून कापतो आणि मगच गाडीशी तुलना करतो. तसं न केलं तर पावसात घाबरून कच्चकन स्टिअरिंग फिरवणाऱ्या माणसाची अशक्य मागणी तो इमानदारीने पुरी करू पाहील आणि गाडी गरकन फिरवेल.

तुलनेत गाडी कमी वळताना दिसली, म्हणजे नाक बाहेर चाललंय, तर आतलं मागचं चाक धरायचं. जास्त वळताना दिसली, शेपूट फिरतंय, तर बाहेरचं पुढचं. बैलगाडीतला आतला बैल आवरला की गाडी त्या बाजूला वळते, तत्त्व तेच. बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावण्यात दुहेरी फायदा : ते गाडीला बाहेरच्या बाजूला फिरवतं, आणि ब्रेकमध्ये गुंतल्यामुळे त्याची नाक आत ओढण्याची ताकदही कमी होते. नाक बाहेर जाण्यावर हा उपाय तेवढा जोरकस नाही, कारण वळणात आतल्या मागच्या चाकावर वजनच थोडं असतं. तिथे खरं औषध इंजिनाचा जोर काढून वेग कमी करणं.

टायरच्या पकडीचा खिसा एकच. त्यातून वळायचंही आणि थांबायचंही. पण या खिशाचा हिशोब वजाबाकीचा नाही, पायथागोरसचा आहे. दहातले सहा ब्रेकवर खर्च केले तर वळायला चार नाही, आठ उरतात. नऊ खर्च केले तर साडेचारही नाहीत. दहाचे दहा उधळले, चाक जाम केलं, तर शून्य : स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ. एबीएसचा जन्म या शून्यासाठी.

१४ जुलै, रविवार

प्रत्यक्ष घसरवणे. रस्त्यावर नाही. नात्यातल्या एका काकांचं गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं, त्यांच्या अंगणात चिपाडाच्या गंजीकडे जाणारा छोटा मुरमाचा चढ आहे. काकांनी अट घातली : चर पाडायचे नाहीत.

चढावर डाव्या चाकाखाली काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर भांडी घासायचा साबण आणि पाणी. उजवं चाक मुरमावर. भाचा बाजूला उभा, गाडीच्या पुढे-मागे कोणी नाही.

आधी बटण दाबून ट्रॅक्शन बंद केलं, दिवा लागल्याची खात्री केली. पहिला गिअर, हळू क्लच. डावं चाक भिरभिरलं, उजवं गप्प. स्कॅनरवर डावं २४, उजवं ०, मागची दोन्ही ०. स्पीडोमीटर १२ दाखवत होता! डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या संचाच्या, दोन टोकांची सरासरी. गाडी तसूभर हलली नाही.

साध्या डिफरन्शियलचा हा जुनाच अन्याय : दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, आणि तो जोर दुबळ्या चाकाला झेपेल तेवढाच. साबणावरच्या चाकाला काहीच झेपत नाही, म्हणून मुरमावरच्या धडधाकट चाकालाही काहीच मिळत नाही.

मग बटण परत दाबलं. तोच चढ, तोच कागद. डावं चाक फिरायला लागलं, बॉनेटखाली कर्रर्र-कट-कट असा आवाज, दिवा लुकलुकला, आणि गाडी ढकलल्यासारखी वर गेली. सिस्टिमने घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक पकडला होता. डिफरन्शियलला वाटलं, डावीकडे आता भार आहे. तेवढाच जोर त्याने उजवीकडेही दिला. फसव्या चाकाला फसवूनच काम काढून घेतलं. जोडीला इंजिनाचा थ्रॉटलही थोडा मिटला होता : पाय होता तिथेच, पण आवाज खाली आला.

कागद साफ करून पाच-सहा वेळा हेच. मग डाव्या डिस्कजवळ हात नेववेना, थांबलो. डिस्कचं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो; किती वेळ, किती दाब यावरून कंट्रोलर मनाशी अंदाज करतो आणि फार झालं तर ब्रेकचा भाग सोडून देतो, इंजिनाचा जोर कापण्याचं चालू ठेवतो. चिखलात अडकून दहा मिनिटं रेटणाऱ्यांची गाडी अचानक "ऐकेनाशी" होते, त्याचं एक कारण हे असू शकतं.

उलटही केलं : दोन्ही चाकं ओल्या मातीत, ट्रॅक्शन चालू. इंजिनाचा गळा असा दाबला की गाडी निघेचना. बंद केलं, चाकं थोडी भिरभिरली, माती उडवून खालचा मुरूम गाठला आणि गाडी बाहेर. बटण दिलंय ते यासाठी. घाटात डांबरावर ते दाबायचं नाही, एवढं भाच्याकडून वदवून घेतलं.

काकांनी येऊन चर पाहिले. दोन होते. मी बुजवले.

२१ जुलै, रविवार

धो धो. घरात बसून इतिहास.

बॉशने एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस क्लासमध्ये आणलं. स्टॅबिलिटी कंट्रोल १९९५ मध्ये, पुन्हा एस क्लासमध्येच. बॉशमधल्या त्या कामाचे प्रमुख आंतोन फान झांतेन. श्रीमंतांच्या गाडीतलं ते एक महागडं यंत्र राहिलं असतं. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या 'टेक्निकेन्स व्हार्ल्ड' या मासिकाने मर्सिडीझची नवी छोटी ए क्लास एका चाचणीत चालवली. रस्त्यात अचानक सांबराएवढं, खरं तर त्याहून मोठं, एल्क हरिण आलं तर डावीकडे घेऊन लगेच परत उजवीकडे, ब्रेक न लावता. गाडी उलटली. कंपनीने सस्पेन्शन सुधारलं आणि त्या स्वस्त मॉडेलमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल सरसकट बसवलं. तिथून ते सामान्य गाड्यांत उतरू लागलं.

अमेरिकेने २०१२ च्या मॉडेलपासून ते सगळ्या छोट्या वाहनांना सक्तीचं केलं. त्यांची चाचणी वाचून मजा वाटली. ताशी ८० किमीला यंत्रमानव स्टिअरिंग फिरवतो : आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि त्या दुसऱ्या टोकावर अर्धा सेकंद तसाच धरून ठेवतो. गडबडलेला माणूस धरेल तसाच. स्टिअरिंग सरळ झाल्यावर एका सेकंदाने गाडीचं फिरणं कमालीच्या ३५ टक्क्यांखाली आलं पाहिजे, पावणेदोन सेकंदांनी २० टक्क्यांखाली. म्हणजे परीक्षा वळण्याची कमी आणि वळणं थांबवण्याची जास्त.

आपल्याकडे एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना आलं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणारी चाचणी, सुरू झालं. त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर स्टॅबिलिटी कंट्रोल लागतं.

४ ऑगस्ट, रविवार

वाई ते पाचगणी, पसरणी घाट. नेहमीच्या चालीने, हिरोगिरी नाही. उघडीप होती, रस्ता जवळजवळ कोरडा. भाचा मागे लॅपटॉप घेऊन, आणि उलटी होणार म्हणून खिडकी उघडी.

एका बऱ्यापैकी गोल वळणावर वेग ३०, स्टिअरिंग ९० च्या आसपास (चाकावर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात). कागदावर १७ च्या खाली. जायरोने १६ दिला. दोघंही इतके खूश झालो की पुढच्या थांब्यावर स्ट्रॉबेरी क्रीम झालं, सीझन नसताना, फ्रोझनचं.

गाडीतला कंट्रोलर हाच हिशोब सेकंदाला कितीतरी वेळा करत असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर "ठीक आहे" असं असतं. त्याला न दिसणारी एक गोष्ट उरतेच. गाडी वळते किती हे जायरो सांगतो, पण गाडीचं तोंड एकीकडे आणि ती सरकते दुसरीकडे, तो तिरकेपणा थेट कोणी मोजत नाही. तो चाकं, जायरो, आडवं त्वरण या तीन अर्धवट साक्षींवरून जुळवावा लागतो. बर्फावर गाडी हळूहळू आडवी सरकत गेली तर जायरोला काहीच दिसत नाही. फिरणं नाहीच, नुसतं वाहणं.

आणि एक साधं गणित, उतरताना केलं. ४० मीटर त्रिज्येचं वळण, पकड ०.४ : ताशी ४५ किमी ही हद्द. त्यावर ६० ने गेलं तर कुठलंच चाक धरून उपयोग नाही, खिसाच रिकामा.

११ ऑगस्ट, रविवार

पंक्चर. स्टेपनी १४ इंची निघाली, १६५/८०. बाकी चाकं १५ इंची. वाटलं, आता वेगाचा घोळ आणि दिवा. काहीच नाही. हिशोब केला : १५ इंचीचा व्यास ६२१.५ मिमी, स्टेपनीचा ६१९.६. फरक ०.३ टक्के. रिम लहान पण टायर जाड, मुद्दामच तसं निवडलेलं. शिवाय सरळ रस्त्यावर कोणतं चाक किंचित जास्त फिरतंय हे कंट्रोलर शिकून घेतो. हवा कमी झालेलं चाक जास्त फेरे घेतं. काही गाड्या निव्वळ या फरकावरून हवेचा दिवा लावतात, वेगळा सेन्सर न बसवता.

टायरवाल्याने विचारलं, "मागे एक जुना मोठा टायर टाकू का, तात्पुरता?" आता उत्तर माहीत होतं.

२५ ऑगस्ट, रविवार

आईला पाचगणीला मावशीकडे न्यायचं होतं. पसरणी घाट पुन्हा, या वेळी धुकं आणि संततधार. एका उजव्या वळणावर झाडांखाली शेवाळ धरलेला काळपट पट्टा. वेग तीसच्या आत. स्टिअरिंग फिरवलं, क्षणभर हात हलके झाले, समोर दिवा दोनदा लुकलुकला, कर्र झालं आणि गाडी आपल्या ओळीत. मला तर दिवा दिसला, एवढंच. भीती वाटायला वेळ मिळाला नाही.

मागून आई : "काय रे, काय कुरकुरलं?"

"ब्रेक लागला, आई."

"मग दाब की नीट."

भाचा लॅपटॉपवर ओणवा झाला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा खरी घसरण, आणि नोंद शून्य. ईएसपी३२ ची केबल चार्जरमधून खाली घसरलेली होती. फाइल वाईच्या पुलावरच संपली होती.

केबलला टाय मारला. परतीला धुकं गेलं होतं, रस्ता कोरडा.